रक्तवाहिनीचे कलम

कलम म्हणजे काय हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. गोव्यात आंब्याची कलमे बांधण्याची विद्या जेझुइट धर्मगुरूंनी रुजविली आणि तिची फळे आपण आजतागायत चाखीत आहो. माळी रोपट्याचा शेंडा तिरका कापतो, त्यावर दुसऱ्या झाडाची काडी बसवितो, वरून घट्ट पट्टी गुंडाळतो आणि वाट पाहतो. झाडातला रस सावकाश चढतो. जोड सांधेपर्यंत त्याला दम धरता येतो.

मनुष्याच्या रक्तवाहिनीला कलम करावयाचे झाले म्हणजे हा दम मिळत नाही. प्रौढ माणसाच्या देहात सुमारे ५ लिटर रक्त असते आणि हृदय दर मिनिटाला जवळजवळ तेवढेच रक्त बाहेर लोटते. शल्यवैद्याने जोड शिवून चिमटा सोडला की त्याच ठोक्याला ती शिवण पूर्ण दाबाखाली येते. ती सांधण्यास अवकाश हवा, ही सबब तेथे चालत नाही.

हा विषय लिहावयास घेण्याचे कारण असे, की दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या एका सत्तरी उलटलेल्या गृहस्थांच्या अशाच शस्त्रक्रियेच्या वेळी मी त्यांच्या मुलांसोबत शहरातील एका इस्पितळाच्या बाकावर दिवसभर बसलो होतो. म्हाताऱ्यांच्या पोटातील महारोहिणीला, म्हणजे हृदयापासून निघून पोटातून खाली उतरणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला, फुगा आला होता. फुगलेला भाग उघडून तेथे कृत्रिम नळी बसवावयाची होती. सकाळी आठला त्यांना आत नेले. दुपारी एकच्या सुमारास परिचारिका बाहेर आली आणि म्हणाली, “रक्त थांबायला वेळ लागतोय. आणखी रक्ताची सोय करून ठेवा.” धाकट्या मुलाचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “मास्तर, आत काहीतरी चुकलंय हो. कोणी खरं सांगत नाही.”

त्याला काय उत्तर द्यावे ते मला त्या दिवशी सुचले नाही. पुढे काही दिवस मी या विषयावरील पुस्तके चाळली, दोन जाणत्या डॉक्टरांना प्रश्न विचारले. त्यातून जे कळले ते येथे मांडतो.

फाटलेली रक्तवाहिनी शिवता येते, हे माणसाला फार उशिरा उमगले. २४ जून १८९४ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्या पोटात लियों शहरी एका इटालियन अराजकवाद्याने सुरा भोसकला. यकृताकडे रक्त नेणारी मोठी नीला कापली गेली होती. शहरातील नामांकित शल्यवैद्य हजर असूनही कोणाला ती शिवता आली नाही आणि मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात कार्नो मरण पावले. त्याच शहरात अलेक्सी कॅरेल नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी वैद्यक शिकत होता. कातडी शिवता येते, आतडे शिवता येते, मग रक्तवाहिनी का शिवता येऊ नये, हा प्रश्न त्याच्या मनात घर करून बसला.

लियों हे रेशमाचे शहर. कॅरेल तेथील मादाम लरूदिए नावाच्या कुशल कशिदाकारिणीकडे गेला आणि बारीक सुईने, नाजूक धाग्याने टाके कसे घालावेत हे तिच्यापासून शिकला. शस्त्रक्रियेच्या इतिहासातील हा धडा एका बाईच्या शिवणकामाच्या चौकटीवर गिरविला गेला, ही गोष्ट मला मोठी गोड वाटते. रक्तवाहिनीचे कापलेले तोंड गोल असते. गोल कड शिवताना सुई समोरची बाजू पकडते आणि वाहिनीचे तोंडच बंद होते. कॅरेलने गोल कडेला तीन ठिकाणी तीन टाके घालून ते ताणून धरले. वर्तुळाचा त्रिकोण झाला आणि आता तीन सरळ बाजू एकामागून एक शिवावयाच्या एवढेच काम उरले. धाग्याला त्याने व्हॅसलीन लावले, जेणेकरून सुईच्या छिद्रातून रक्त झिरपू नये व धाग्यावर गुठळी धरू नये. १९०२ साली त्याने ही रीत प्रसिद्ध केली आणि १९१२ साली त्याला वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. (त्याच १९०२ साली तो रुग्णयात्रेकरूंबरोबर लूर्दला गेला होता, ही कथा पुष्कळांनी ऐकली असेल, तो विषय निराळा. पुढे १९३५ च्या आपल्या ग्रंथात कोणाला जगू द्यावे व कोणाला नाही याविषयी त्याने जी मते मांडली, ती कोणाही श्रद्धावंताने स्वीकारावी अशी नाहीत. सुईदोऱ्यापुरते मात्र त्याचे ऋण मानलेच पाहिजे.)

१९०८ साली न्यूयॉर्कमध्ये एका शल्यवैद्याची काही दिवसांची कन्या रक्तस्रावाने मरणाच्या दारी पोहोचली होती. नवजात मुलांना होणारा हा विकार. आज जन्मतःच ‘के’ जीवनसत्त्वाची सुई देऊन तो टाळतात. त्या काळी रक्तपेढ्या नव्हत्या, साठविलेले रक्त गोठल्यावाचून राहत नसे. कॅरेलने पित्याच्या मनगटाची रोहिणी मुलीच्या पायातील नीलेला शिवून जोडली. पांढरीफटक पडलेली मुलगी बापाच्या रक्ताने गुलाबी झाली आणि वाचली.

परंतु शिवण साधली तरी दुसरे संकट उभेच असते. वाहिनी चिमट्याने बंद केली की साठलेले रक्त गोठू लागते. पोटातील महारोहिणी अर्धा-पाऊण तास बंद ठेवावयाची, तर पायांकडील रक्त थबकून गुठळ्या होणार आणि चिमटा सोडताच त्या पायाच्या वाहिन्यांत जाऊन अडकणार. त्यासाठी रक्त काही काळ न गोठणारे करावे लागते. १९१६ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन नावाच्या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृताच्या अर्कात रक्त गोठू न देणारे द्रव्य आढळले. यकृताच्या ग्रीक नावावरून त्याचे नाव हेपॅरिन पडले. ते शुद्ध होऊन माणसांना देता येण्यास १९३० नंतरची वर्षे उजाडली. आज ते मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात.

येथेच या शस्त्रक्रियेची खरी अडचण आहे. ज्या माणसाची सर्वांत मोठी वाहिनी कापावयाची, त्याचेच रक्त आधी औषध देऊन न गोठणारे करावयाचे. हेपॅरिन न द्यावे तर पाय गमावण्याचा धोका, द्यावे तर प्रत्येक टाक्याच्या छिद्रातून रक्त ओघळणार. शल्यवैद्य आणि भूल देणारा डॉक्टर यांचे निम्मे लक्ष या तराजूकडे असते. मधून मधून थेंबभर रक्त यंत्रात घालून ते किती वेळात गोठते ते मोजतात. काम संपले की हेपॅरिनचा परिणाम उतरविण्यासाठी प्रोटामीन देतात. हे द्रव्य सामन माशाच्या वीर्यात १८७४ साली मीशर या स्विस शास्त्रज्ञाला सापडले आणि ते हेपॅरिनला निष्प्रभ करते हे १९३७ साली कळले. साधारण १०० एकक हेपॅरिनला १ मिलिग्रॅम प्रोटामीन, असे प्रमाण धरतात. ते घाईने टोचल्यास रक्तदाब एकदम कोसळतो, म्हणून हळूहळू देतात. आणि गरजेपेक्षा फार जास्त दिल्यास ते स्वतःच रक्त गोठण्यात अडथळा आणते. ज्यांना माशाचे वावडे आहे किंवा ज्यांनी प्रोटामीन मिसळलेले इन्शुलिन घेतले आहे, त्यांच्या अंगावर ते क्वचित उलटते. आपल्या किनाऱ्यावर माशाचे वावडे असलेला माणूस विरळा. तरी असल्यास तेवढे डॉक्टरांच्या कानावर घालावे.

आता नळीविषयी. १९४८ साली पॅरिसमध्ये कुनलँ याने रुग्णाच्याच पायातील नीला काढून तुंबलेल्या रोहिणीला बगल देणारा रस्ता तयार केला. पायासाठी स्वतःची नीला आजही सर्वांत उत्तम मानतात. पण महारोहिणीच्या रुंदीची नीला शरीरात कोठून आणावयाची? १९५१ साली पॅरिसमध्येच द्यूबो याने मृताच्या देहातून काढलेला महारोहिणीचा तुकडा बसविला. १९५२ मध्ये व्हूरहीस याने कापडाची नळी वापरता येते हे प्रसिद्ध केले. ह्यूस्टनचे मायकेल डिबेकी यांना लहानपणी आईने शिवणकाम शिकविले होते. नायलॉन घेण्यास ते दुकानात गेले, नायलॉन संपले होते, म्हणून डेक्रॉनचे कापड घेऊन आले आणि पत्नीच्या शिवणयंत्रावर त्यांनी नळ्या शिवल्या. १९५४ पासून त्या माणसांत वापरल्या गेल्या. याच डिबेकींची महारोहिणी त्यांच्या ९७ व्या वर्षी आतून चिरली आणि २००६ साली त्यांच्या शिष्यांनी डेक्रॉनची नळी घालून त्यांना वाचविले. त्यानंतर ते दोन वर्षांहून अधिक जगले.

डेक्रॉनचे विणलेले कापड म्हणजे शेवटी कापडच. त्यातून रक्त गळणारच. नवा माठ पहिल्यांदा भरला की बाहेरून पाझरतो, तसे. त्यावर पूर्वीच्या शल्यवैद्यांनी काढलेली तोड साधी होती. हेपॅरिन देण्यापूर्वी रुग्णाचेच थोडे रक्त काढून ते नळीवर ओतावयाचे, नळी त्यात मळून घ्यावयाची आणि कापडाची छिद्रे त्याच रक्ताच्या गुठळीने बुजू द्यावयाची. क्रम चुकून हेपॅरिन आधी गेले, तर नळी चाळणीच राही. १९८० नंतरच्या काळात जिलेटिन किंवा कोलॅजन यांचा लेप दिलेल्या नळ्या आल्या आणि ही यातायात बहुतेक ठिकाणी संपली.

तरीही रक्त वाहते. आणि त्याच्या दोन जाती असतात. पहिले रक्त एका जागेवरून येते. म्हातारपणी महारोहिणीच्या भिंतीत चुन्याचे थर बसलेले असतात. मधली भिंत विरलेल्या लुगड्यासारखी होते आणि ओढलेला टाका तिला चिरीत जातो. अशा ठिकाणी टाक्याखाली कापडाची छोटी ठिगळे ठेवून शिवतात. जोडाची मागची बाजू दिसत नाही, म्हणून अनुभवी हात ती आधी तपासून घेतात. फुगा उघडल्यावर पाठीच्या कण्याकडून येणाऱ्या लहान रोहिण्या उलट्या वाहू लागतात. त्या आतूनच टाके घालून बंद कराव्या लागतात. आणि शल्यवैद्यांना सर्वांत धाक वाटतो तो रोहिणीचा नव्हे, तिला चिकटून असलेल्या नीलांचा. त्यांची भिंत पातळ. चिरली की काळसर रक्ताचे तळे साचते आणि चीर कोठे आहे तेच दिसत नाही. त्या वेळी घाईने टाके मारणारा नुकसान वाढवितो. बोटाने अथवा घडीने दाबून धरून, भूल देणाऱ्याला रक्त भरण्यास अवधी देऊन, मग शांतपणे चीर शोधणे हाच मार्ग. मला एका डॉक्टरांनी सांगितले, की अशा वेळी काही मिनिटे नुसते दाबून उभे राहणे हे त्यांच्या शिक्षणातील सर्वांत अवघड काम होते.

दुसरे रक्त सगळीकडून झिरपते. जखमेच्या कडा, टाक्यांची छिद्रे, सुई टोचलेल्या जागा, सारेच ओलसर. येथे सुईदोरा कामाचा नाही, कारण बिघाड रक्तातच झालेला असतो. पुष्कळ रक्त गेले, त्या जागी सलाईन भरले, म्हणजे गोठविणारी द्रव्ये पातळ होतात. उघड्या पोटामुळे शरीर थंड पडते आणि थंड रक्त नीट गोठत नाही. साठविलेल्या रक्तात ते गोठू नये म्हणून घातलेले सायट्रेट शरीरातील कॅल्शियमला बांधून ठेवते. एक बिघाड दुसऱ्याला वाढवितो. म्हणून रुग्णाला उबदार हवेच्या पांघरुणात ठेवतात, बाटल्या कोमट करून देतात, कॅल्शियम टोचतात आणि तांबड्या पेशींच्या जोडीला रक्तद्रव व रक्तबिंबिका देतात. वाहिलेले रक्त शोषून, धुऊन परत देणारे यंत्रही असते. परंतु त्यातून तांबड्या पेशीच परत मिळतात, गोठविणारी द्रव्ये धुण्यात वाहून जातात. परिचारिका बाहेर येऊन निरनिराळ्या रंगांच्या पिशव्यांची नावे सांगते, त्याचे कारण हे.

रक्ताच्या संदर्भात आपल्याकडची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट शोधून काढला. जगभर त्याला ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. साध्या तपासणीत तो ‘ओ’ दिसतो, पण ‘ओ’ रक्त दिले तर या माणसाला प्राणघातक अपाय होतो. त्याला त्याच्याच गटाचे रक्त लागते. भारतात साधारणतः दहा हजारांत एकाचा हा गट असतो असे मानतात. पूर्ण जुळणी केल्यावर तो ध्यानात येतो. मोठी शस्त्रक्रिया ठरली की रक्ताची तपासणी अगोदरच्या दिवसांत का उरकतात, त्याचे हे एक उत्तर. पैसे घेऊन रक्त देण्यावर आपल्या देशात १९९८ पासून बंदी आहे. तेव्हा रक्त द्यावयाचे ते आप्तांनी व शेजाऱ्यांनीच. तांबड्या पेशी शीतपेटीत सुमारे सहा आठवडे टिकतात, रक्तबिंबिका अवघे पाच दिवस.

शस्त्रक्रिया पार पडून रुग्ण खाटेवर आल्यावरही पहिल्या दिवसरात्रीत आत रक्त साचू शकते. नाडी जलद होते, रक्तदाब उतरतो, लघवी कमी होते, पोट ताठरते. तेव्हा रुग्णाला पुन्हा आत नेऊन पोट उघडतात. नातेवाइकांना हा घाला वाटतो. वास्तविक वेळीच पुन्हा आत नेणारा डॉक्टर हा दक्ष डॉक्टर असतो. १९९० साली अर्जेंटिनातील पारोदी यांनी जांघेतील रोहिणीतून दुमडलेली नळी वर नेऊन आत उघडण्याची रीत यशस्वी केली, तेव्हापासून पुष्कळांचे पोट उघडावेच लागत नाही आणि रक्तही कमी जाते. मात्र प्रत्येकाच्या फुग्याचा आकार तिला मानवत नाही आणि पुढे वर्षानुवर्षे तपासणी करीत राहावे लागते.

खेड्यातील घरांत याच प्रकारचे संकट अधिक वेळा येते ते मूत्रपिंडाच्या विकारामुळे. डायलिसिससाठी दंडात कृत्रिम नळी बसविलेले, किंवा रोहिणी व नीला जोडलेले रुग्ण आता आपल्या गावोगावी आहेत. सुया टोचून टोचून तेथील कातडी झिजते. ती चकचकीत, पातळ झाली, खपली धरली, पू दिसला किंवा थोडेसे जरी रक्त येऊन थांबले, तरी त्याच दिवशी डायलिसिसच्या ठिकाणी दाखवावे. रक्ताची चिळकांडी उडाली तर टॉवेलांचे ढीग गुंडाळू नयेत. त्यांखाली रक्त वाहतच राहते. नेमक्या छिद्रावर बोट ठेवून घट्ट दाबावे, हात वर धरावा, दाब क्षणभरही सोडू नये आणि दुसऱ्याकडून गाडी बोलवावी. तसेच ज्याच्या पोटात महारोहिणीची नळी आहे, त्याला कित्येक वर्षांनंतरही रक्ताची उलटी झाली किंवा डांबरासारखे काळे शौचास झाले, तर ते पोटातील साधे व्रण समजून घरी थांबू नये. नळी आतड्याला घासून भोक पडलेले असू शकते. पहिला स्राव बहुधा लहान असतो. मोठा मागाहून येतो.

आता पुन्हा त्या बाकाकडे. सायंकाळी पाचच्या सुमारास शल्यवैद्य स्वतः बाहेर आले. दमलेले होते, पण शांत. ते म्हणाले, शिवण ठीक आहे, रक्त आता थांबले आहे. मग त्यांनी थोरल्या मुलाला विचारले, “बाबा रक्त पातळ करणारी आणखी एखादी गोळी घेत होते का?” थोरला म्हणाला, “नाही साहेब, एकच. आम्ही सांगितली होती.” धाकटा मात्र गप्प झाला. तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या वाहिनीत जाळी बसविली तेव्हा दोन गोळ्या मिळाल्या होत्या. त्यांतील दुसरी बंद करावयाची राहून गेली होती. म्हातारे ती नेमाने घेत होते आणि दर महिन्याला धाकटाच ती बाजारातून आणून देत होता. शस्त्रक्रियेपूर्वी ती काही दिवस थांबविता आली असती, अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, कारण जाळी बसविलेल्याने अशी गोळी आपल्या मनाने सोडणेही तितकेच घातक. विचारले तेव्हा कोणी लपविले नव्हते. ज्याला ठाऊक होते, त्याला कोणी विचारले नव्हते, इतकेच.

शल्यवैद्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही न बोलता ते आत गेले.

म्हातारे अकराव्या दिवशी घरी आले. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते अंगणात सुपाऱ्या सोलीत बसले होते. आत कपाटाच्या दाराला धाकट्याने वहीचा एक कागद चिकटविला आहे. त्यावर सर्व गोळ्यांची नावे, कोणती केव्हा सुरू झाली, कोणत्या डॉक्टरांनी दिली, रक्तगट, आणि अगदी खाली लाल शाईने: पोटात कृत्रिम नळी आहे, काळे शौचास झाल्यास ताबडतोब नेणे.